नदीपलीकडची मोगलाई

आमच्या गावाच्या उगवतीला सीना वाहते. अलीकडं सोलापूर जिल्ह्यातला करमाळा तालुका, पलीकडं परंडा. आता पूल झालाय, फटफटीला किक मारली की माणूस पलीकडं. पण माझ्या लहानपणी, म्हणजे १९६०च्या आसपास, गावातली जुनी माणसं त्या काठाला परंडा म्हणत नसत, उस्मानाबाद जिल्हाही म्हणत नसत. ती म्हणत, मोगलाई.

‘‘तात्या कुटं गेल्यात?’’

‘‘मोगलाईत गेल्यात, बैल बघायला.’’

निजामाचं राज्य बुडून तेव्हा बारा वर्षं झाली होती. मराठवाडा मुंबई राज्यात येऊनही चार वर्षं लोटली होती. तरी नदीच्या पलीकडं मोगलाईच होती. तिकडची ज्वारी मोगलाईची, तिकडचं खोंड मोगलाईचं, तिकडून वाहून येणारा वळवाचा ढगसुद्धा मोगलाईचा. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. ते एक दिशेचं नाव होतं.

हाच शब्द शाळेत मात्र वेगळ्या सुरात ऐकू यायचा. वर्गात दंगा झाला की मास्तर छडी टेबलावर आपटायचे. ‘‘काय मोगलाई माजलीय का?’’ चावडीवर कुणाचा बांध कुणी कोरला की तो माणूस छाती पिटून विचारायचा, ‘‘मोगलाई लागून गेली का काय?’’ मला कोडं पडायचं. नदीपलीकडं सदासर्वकाळ दंगा चाललेला असतो की काय? आणि तसं असेल तर आमची आजी एवढी शांत कशी?

कारण आजीचं माहेर मोगलाईतलं. नदीपासून दोन कोसांवरचं. अकरा-बारा वर्षांची असताना ती लग्न होऊन सीना ओलांडून आली आणि गावानं तिला नाव ठेवलं, ‘मोगलाईतली’. भाजीत मीठ जास्त झालं की जावा म्हणायच्या, मोगलाईचा हात आहे. तिच्या बोलण्यात एखादा तिकडचा शब्द आला की हसायच्या. नातवंडं झाली तरी ते नाव पुसलं नाही.

एकदा करमाळ्याच्या कमलाभवानीच्या जत्रेला जायला मी तिच्याकडं आठ आणे मागितले. तिनं चार आणे दिले. मी रागानं घरात ऐकलेलं वाक्य तिच्या तोंडावर फेकलं, ‘‘तुझी मोगलाई हितं चालायची न्हाय!’’ दहा वर्षांचा होतो. ती काही बोलली नाही. चार आण्यांवर आणखी चार आणे माझ्या हातावर ठेवले आणि गोठ्यात निघून गेली. जत्रेत मी ते आठ आणे खर्चले, पण पाळण्यात बसल्यावरही तिचं तोंड डोळ्यांसमोरून जाईना.

त्या रात्री मी तिच्या अंथरुणात शिरलो. ती म्हणाली, ‘‘लेकरा, मोगलाई काय असती ठावं हाय का तुला?’’

तिनं जे सांगितलं ते पुढं सांगतोच. त्याआधी या शब्दाची वंशावळ सांगायला हवी. पुढं मी इतिहास शिकवायला लागलो तेव्हा ती मला कळत गेली, आणि आजीचं म्हणणं किती नेमकं होतं तेही कळत गेलं.

मोगलाई हा शब्द जन्मला तेव्हा शिवी नव्हता. पेशव्यांची ती पेशवाई, तशी मोगलांची ती मोगलाई. इतका साधा हिशेब. गंमत अशी, की ज्या बाबराच्या घराण्याला आपण मोगल म्हणतो ते घराणं स्वतःला तैमूरचे वंशज म्हणवीत असे. मोगल हे लोकांनी ठेवलेलं नाव. शहाजहानानं १६३६ साली निजामशाही बुडवली आणि तरुण औरंगजेबाला दख्खनचा सुभेदार नेमलं, तेव्हापासून दख्खनमधला मोगलांचा अंमल घट्ट होत गेला. मराठी कागदांत मग मुलखाचे दोन भाग पडले. छत्रपतींचं ते स्वराज्य आणि बादशहाची ती मोगलाई.

पुढं तर हे दोन्ही शब्द एकाच गावाच्या वसुलीत शेजारी शेजारी येऊन बसले. १७१९ साली बाळाजी विश्वनाथानं दिल्लीहून शाहू महाराजांसाठी सनदा आणल्या. स्वराज्याच्या, दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या. शाळेत आपण हा धडा अभिमानानं शिकतो, मीही तसाच शिकवला. पण नांगर धरणाऱ्याच्या बाजूनं बघितलं तर काय झालं? मुलूख मोगलाचा, सारा मोगलाचा. त्यातले शंभराला पंचवीस चौथाईचे आणि वर दहा सरदेशमुखीचे मराठ्यांचे. बादशहाचा वाटा न्यायला एक कमाविसदार, मराठ्यांचा न्यायला दुसरा. याला दोअमली म्हणत. एका खळ्यावर दोन धनी. एकाला देऊन झालं की दुसऱ्याची घोडी वेशीत उभी. दिलं नाही तर मुलूखगिरी, आणि घोड्यांचा घासदाणा वेगळाच. त्या काळात मोगलाईतल्या कुणब्याच्या खळ्यावरचं धान्य उचलणारा दर वेळी मोगलच असे असं नाही. पुष्कळदा तो आपल्याच भाषेत शिव्या देणारा स्वार असे.

दिल्लीची सत्ता खिळखिळी झाली तशी निजाम-उल्-मुल्कानं दख्खन स्वतःसाठी धरली. १७२४ साली साखरखेर्ड्याला मुबारिझखानाला मारून तो मोकळा झाला. पण त्यानं बादशहाचं नाव सोडलं नाही. तो कागदोपत्री सुभेदारच राहिला आणि हैदराबादच्या नाण्यावर १८५७पर्यंत दिल्लीच्या बादशहाचंच नाव राहिलं. मग मराठी माणसानं तरी दुसरं नाव कशाला शोधावं? त्यानं निजामाच्या मुलखाला मोगलाईच म्हटलं. पुढं बादशहा रंगूनला कैदेत मेला, दिल्लीत एकही मोगल गादीवर उरला नाही, पण आमच्या नदीपलीकडं मोगलाई आणखी नव्वद वर्षं चालली. मोगलांशिवायची मोगलाई.

आणि ती चालवणारे तरी कोण? करमाळ्याचं कमलाभवानीचं देऊळ बांधलं रावरंभा निंबाळकरांनी. ते निजामाचे सरदार. या टापूत निंबाळकरांची जहागीर होती. ज्या खर्ड्याच्या मैदानावर १७९५ साली मराठ्यांनी निजामाला हरवलं, तिथला किल्लाही निंबाळकरांचाच. म्हणजे देवीपुढं आम्ही सगळे जो नमस्कार घालतो, तोसुद्धा मोगलाईनं बांधलेल्या दगडांवर. मोगल-मराठा ही रेघ पुस्तकात सरळ असते. सीनाकाठी ती नदीसारखी वळणं घेत जाते.

शब्दाला वाईट वास लागला तो १८१८नंतर. पेशवाई गेली, आमचा काठ इंग्रजाकडं आला. पलीकडचा निजामाकडंच राहिला. एकच नदी, एकच काळी जमीन, एकच भाषा, पण अंमल दोन. माणूस तुलना करू लागला. आमच्याकडं इंग्रजानं मोजणी करून सारा ठरवला. त्याची सुरुवात शेजारच्या इंदापुरात १८३०नंतरच्या वर्षांत झाली. पलीकडं त्या वेळी महसूल मक्त्यानं दिला जाई. मक्तेदार सरकारात ठरलेली रक्कम भरायचा आणि रयतेकडून जमेल तेवढं काढायचा. त्याला वर्षाची घाई, रयतेची फिकीर नाही. पहिला सालारजंग १८५३मध्ये दिवाण झाला आणि त्यानं मक्ते मोडायला घेतले, जिल्हे पाडले, पगारी अंमलदार नेमले. पण जहागिऱ्या राहिल्याच. राज्याचा मोठा भाग जहागीरदारांच्या आणि खुद्द निजामाच्या खासगी सर्फ-ए-खासच्या ताब्यात होता. तिथं सालारजंगाचा कायदा वेशीबाहेर जोडे काढून उभा राही.

म्हणून आमच्या काठाला स्वर्ग होता असं कुणी समजू नये. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत कुणब्यांनी सावकारांची खतं जाळली ती याच इंग्रजी अमलात. पाठोपाठ १८७६चा दुष्काळ आला, तोही इकडं काही कमी नव्हता. तरीसुद्धा आमची माणसं पलीकडच्यांकडं बघून नाक वर करायची. आमचा रुपया कलदार, तुमचा हाली. हाली म्हणजे चालू, पण आमच्या काठावर तो चालत नसे. सहा कलदारांना सात हाली मोजावे लागत. नदी ओलांडून माहेरी जायचं तर करोडगिरीच्या नाक्यावर बोचकं सोडून दाखवायचं. आमच्याकडं मामलेदार, तिकडं तहसीलदार. आमच्याकडं कलेक्टर, तिकडं तालुकदार. आमच्याकडं फौजदार, तिकडं अमीन. आणि तिकडच्या कचेरीची भाषा उर्दू.

आता आजीची गोष्ट.

तिच्या बापाकडं चार बैल होते. गावात गिरदावर आला की त्याच्या राहुट्या, खुर्च्या, कोंबड्यांचे खुराडे पुढच्या गावाला पोचवायला गाड्या लागायच्या. गाड्या वेठीनं धरायच्या; भाडं मिळत नसे. कुणाची गाडी जायची ते गावचा देशमुख सांगायचा. ‘‘त्यो कोण मोगल न्हवता रं,’’ आजी म्हणाली. ‘‘कपाळाला गंध लावायचा. आषाढीला पंढरीला जायाचा.’’ एका उन्हाळ्यात पेरणीच्या तोंडावर तिच्या बापाची गाडी धरली. दोन मुक्काम पुढं नेली. पाणी पाजायला सोडू दिलं नाही आणि एक बैल वाटेत बसला तो उठलाच नाही.

बाप एका बैलाचं जू खांद्यावर टाकून घरी आला. चार दिवस जेवला नाही. मग परंड्याच्या कचेरीत गेला. अर्ज उर्दूत द्यायचा. दाराशी बसणाऱ्या अर्जनवीसानं दोन हाली घेतले आणि कागद खरडला. त्यात बैल मेला असं लिहिलं की गाडीवाला मुजोर आहे असं लिहिलं, बापाला कसं कळावं? आत साहेबानं कागद बघितला, काहीतरी म्हणाला, शिपाई हसला. बाप बाहेर आला. पंधरा दिवसांनी पुन्हा गाड्या लागल्या तेव्हा पहिलं नाव त्याचंच निघालं.

‘‘बैल मेला त्याला मोगलाई म्हणीत न्हाईत,’’ आजी अंधारात म्हणाली. ‘‘बैल कुटंबी मरतो. मेला म्हणून सांगाय गेलं आन् त्याचाच राग धरला, ती मोगलाई. दाद ना फिर्याद.’’

दाद आणि फिर्याद हे दोन्ही शब्द फार्सी. ज्या अमलाच्या भाषेत तिच्या बापाला आपलं दुःख मांडता आलं नाही, त्याच भाषेचे दोन शब्द घेऊन तिनं त्या अमलाचं माप काढलं होतं. तिला ते ठाऊक नव्हतं. मलाही ते फार उशिरा उमगलं.

गोष्ट इथं संपली असती तर ती मीही गावच्या इतरांसारखी ‘तिकडची’ म्हणून सांगितली असती. पण आजीनं पुढं सांगितलं.

देश स्वतंत्र झाला तरी निजाम सामील होईना. गावोगाव रझाकार हिंडू लागले. रझाकार म्हणजे खरं तर स्वयंसेवक. पण त्या एका वर्षात त्या शब्दाचं जे झालं ते मोगलाईला दोनशे वर्षं लागली होती. लेव्हीचं धान्य आधीच घरातलं काढून नेलं जात होतं, आता गावं जळू लागली. लातूरचा वकील कासिम रझवी लाल किल्ल्यावर निशाण लावायच्या गोष्टी करत होता. सरहद्दीवरून माणसं पोराबाळांसह इकडं येऊ लागली. आजीचा भाऊ, भावजय, त्यांची चार मुलं आमच्या ओसरीवर आठ महिने राहिली. घरातल्या बायकांनी त्यांना भाकरी घातली, त्यात कसूर केली नाही. पण पाणवठ्यावर विचारलं की सांगायच्या, ‘‘मोगलाईतली आल्यात.’’ जिच्यापासून जीव घेऊन पळून आले, तिच्याच नावानं त्यांना ओळखायचं. आजीला त्याचं सगळ्यांत वाईट वाटायचं.

१३ सप्टेंबर १९४८ला सोलापूरकडून फौजा आत शिरल्या आणि १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. आमच्या गावात हलगी वाजली, गुलाल उधळला. ओसरीवरच्या भावानं चावडीसमोर लोटांगण घातलं. मोगलाई संपली.

दोन-तीन दिवसांनी गावातले काही गडी काहिलीत बसून पूर आलेली सीना ओलांडून गेले. जाताना पोती रिकामी होती. येताना भरून आली. माझे चुलत आजोबा त्यांत होते. त्यांनी एक तांब्याचा हंडा आणला. चांगला जाड, गळ्याला नक्षी आणि नक्षीखाली उर्दू अक्षरं. आणून त्यांनी तो आजीपुढं ठेवला.

‘‘भावजी, कुणाचा वो हंडा?’’

‘‘मोगलांचा.’’

‘‘कंच्या मोगलांचा? तिकडं मोगल कंदी हुता?’’ आजीचा आवाज चढला, असं आई सांगायची; आयुष्यात तेवढ्या एकदाच चढला. ‘‘तिकडं आत्तार हुता. पिंजारी हुता. माझ्या लग्नात माझा चुडा भरला ती मणेरीण हुती. त्यातल्या कुणाचा हाय ती सांगा.’’

चुलत आजोबांना सांगता येईना. त्यांनी घर बघितलं होतं, माणूस बघितला नव्हता. घरात माणूस नव्हताच.

त्या दिवसांत काय झालं ते पुढं मी वाचलं. भारत सरकारनं पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. तिनं सगळ्यांत जास्त हानी झालेले चार जिल्हे सांगितले. त्यांत उस्मानाबाद होता. संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसं मेली असावीत असा तिचा अंदाज होता. तो अहवाल कित्येक वर्षं छापला गेला नाही. रझाकारांचे अत्याचार आम्ही शाळेत शिकवले, आणि ते शिकवायलाच हवेत. माझ्या आजीच्या भावाच्या घराचं छप्पर त्यांनीच जाळलं होतं. त्याच्यापुढचं हे पान मात्र पुस्तकात नव्हतं. तेही दाद ना फिर्याद असंच होतं. फक्त या वेळी फिर्याद ऐकायला कुणी नव्हतं ते आमच्या बाजूला.

दसरा झाल्यावर आजोबा आणि आजीचा भाऊ तो हंडा घेऊन पलीकडं गेले. ज्याचं छप्पर जळलं होतं तोच म्हणाला होता, की परत देऊन येऊ. मणेरांची आळी रिकामी होती. चौकटी होत्या, दारं नव्हती. तीही कुणीतरी नेली होती. ज्याला विचारावं तो मान खाली घालायचा. दोघं दिवसभर बसले आणि हंडा घेऊन परत आले.

आजीनं त्यात कधी पाणी भरलं नाही. मोडीत घालू दिला नाही, बदलून दुसरा घेऊ दिला नाही. गोठ्याच्या कोपऱ्यात पालथा घालून ठेवला. लहानपणी मी त्यावर बसून अभ्यास केलाय. तो पालथा का, हे मला त्या जत्रेच्या रात्री कळलं. ‘‘ती बघ,’’ आजी म्हणाली होती, ‘‘मोगलाई नदी उतरून आपल्या गोठ्यात यून बसलीया. आता म्हन मला मोगलाईतली.’’

आता हा शब्द मरायला लागलाय. नदीपलीकडं जाणारी पोरं ‘परंड्याला जातो’ म्हणतात. शहरात नातवानं मला एका हॉटेलावरची ‘मुघलाई’ पाटी दाखवली. त्याच्या लेखी तो काजूच्या रश्श्याचा प्रकार. शेताच्या कुंपणाला मोगली एरंड तेवढा आहे. जुन्या अर्थानं मोगलाई ऐकू येते ती रागात. सातबारावर भलत्याचं नाव चढलं आणि दुरुस्तीसाठी चकरा मारून माणूस थकला की फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर म्हणतो, मोगलाई हाय सगळी. टपरीवर सगळ्या जातींची, सगळ्या धर्मांची माणसं असतात आणि सगळीच माना डोलावतात. त्या क्षणी तो शब्द आजीच्या अर्थानं वापरला जातो. पण कधी कधी तोच शब्द एखाद्या माणसाच्या टोपीकडं, दाढीकडं बघून वापरला जातो, तेव्हा माझ्या कानात आजीचा चढलेला आवाज येतो: कंच्या मोगलांचा?

काही वर्षांपूर्वी मी परंड्याच्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांना हंड्यावरच्या अक्षरांचा फोटो दाखवला. मोठं काही गूढ नव्हतं. एका बाईचं नाव, आणि ही वस्तू तिला भावाकडून. बस.

ते नाव मी इथं लिहीत नाही. त्या नावाचं कुणी त्या आळीत आता नाही. मी विचारून आलो. आजी जाऊन चाळीस वर्षं होतील. दिवाळीला घरातली तांब्या-पितळेची भांडी चिंचेनं घासतात, तेव्हा तो हंडाही बाहेर निघतो. तो मी स्वतः घासतो, उन्हात वाळवतो आणि संध्याकाळी परत नेऊन पालथा घालतो.